किलोपास्कलमधला साखरपुडा

मुलीचा साखरपुडा डिचोलीला व्हायचा होता त्याच दिवशी सकाळी गोकुळदासांच्या नव्या गाडीत एक पिवळा दिवा लागला. पुढे बरेच दिवस पार्से गावातले लोक त्या दिव्याला नावं ठेवत होते. खरं म्हणजे दिव्याचं काही चुकलं नव्हतं. दिवा फक्त एवढंच सांगत होता की मागच्या एका चाकात हवा कमी आहे. त्या हवेच्या मागून जे काय झालं ते माणसांनी केलं.

"अहो, हें कितें? मोदकपात्राखाली जाळ केल्यासारखं दिसता," गाडीत फळांची परडी ठेवायला आलेल्या सुमंगलाबाई म्हणाल्या.

गोकुळदासांनी चष्मा पुसून दिव्याकडे पाहिलं. मग गाडीबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक काढून पान शोधलं आणि कोर्टात निकाल वाचतात तशा आवाजात वाचून दाखवलं. "हा हवेच्या दाबाचा इशारा आहे. योग्य दाब, दोनशे तीस किलोपास्कल."

"मग घाला की. मुहूर्त बाराचो आसा."

"घाला म्हणजे? मोजून घालायची असते हवा."

'मोजून' हा शब्द गोकुळदास ज्या भक्तीने उच्चारत, त्या भक्तीने त्यांच्या घरात देवाचंही नाव कुणी घेत नसे. अख्खी नोकरी त्यांनी वजन-मापांच्या खात्यात काढली होती. ते पेडण्याच्या बाजारात शिरले की तराजूचे काटे आपोआप मधोमध येत, कापडवाल्याचा गज वीतभर लांब होई आणि मासेवाली न मागता दोन बांगडे वर टाकी. धान्य मोजायच्या लाकडी पायल्या आणि कुडव त्यांनी इतके जप्त केले होते की एकदा खात्याच्या कोठीत शिपायाला बसायला जागा उरली नव्हती. पुढे रीतसर निवृत्त झाले. पण ती बातमी त्यांनी बाजारात मुद्दाम कुणाला सांगितली नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्यामुळे तराजू अजूनही मधोमध येत होते आणि गोकुळदासांना त्यात काही गैर वाटत नव्हतं.

सगळ्या मापांत त्यांचा खरा वैरी म्हणजे पाउंड. पायलीबद्दल त्यांना निदान जुन्या मोलकरणीबद्दल वाटते तशी थोडी माया होती. पाउंडाबद्दल तेवढीही नव्हती. "पाउंड हा इंग्रजांचा," ते सांगत, "आणि इंग्रज गोव्यात राज्य करायला कधी आलेच नाहीत. आमच्याकडे पोर्तुगीज होते. त्यांनी आम्हाला साडेचारशे वर्षं छळलं, पण किलोत छळलं!" गाडी घरी आली त्या दिवशी दाराच्या आतल्या कडेला हवेच्या दाबाचा जो कागद चिकटवलेला होता, त्यात किलोपास्कलच्या शेजारी पाउंडांचाही रकाना होता. तो त्यांनी दाढीच्या ब्लेडने खरवडून काढला होता. खरवडताना थोडा रंगही गेला, पण तत्त्वासाठी माणसाला काहीतरी सोसावं लागतंच.

गाडी घेऊन ते नाक्यावरच्या बाबलीच्या पंक्चरच्या दुकानात गेले. बाबली पन्नाशीचा, अंगाने रुंद आणि स्वभावाने सैल. गाडी पाहून त्याने हवेची नळी हातात घेतली.

"कितलें घालूं, भाई?"

"दोनशे तीस."

बाबलीने नळी खाली ठेवली आणि कॉम्प्रेसरच बंद केला. "दोनशें तीस? भाई, तितलें घालें जाल्यार रोद उडून कोलवाळच्या न्हंयेंत पडटली." नदीला तिथे न्हंय म्हणतात आणि चाकाला रोद; पोर्तुगीज गेले आणि चाकं ठेवून गेले.

"दोनशे तीस किलोपास्कल," गोकुळदास शांतपणे म्हणाले.

"पास्कल? आगरवाड्यार एक पास्कूल आसलो. तो गल्फाक गेलो न्हय?"

"माणूस नव्हे रे. किलोपास्कल."

"किलो खंयचो? बरो शंभर किलोचो आसलो तो!"

गोकुळदासांनी डोळे मिटले. मग उघडले आणि बाबलीला दाब म्हणजे काय, क्षेत्रफळ म्हणजे काय, आणि पास्कल हा फ्रान्स देशाचा कसा थोर विद्वान होता ते सांगितलं. बाबलीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमगेर पाउंडच आसात, भाई. हांव सगळ्यांक तेत्तीस घालतां. मारुती, टॅक्सी, पाद्रीची गाडी, सगळ्यांक तेत्तीस. कोणाची तक्रार ना."

गोकुळदासांनी त्याचं हवा मोजायचं गेज हातात घेतलं. काच तडकलेली होती. गेज कशालाच लावलेलं नव्हतं, तरी काटा पाचावर उभा होता.

"हा शून्यावर का नाही?"

"तो आळशी जाला, भाई. पाच सोडून मेजपाचें."

"मग तू तेहेतीस भरतोस तेव्हा अठ्ठावीस भरतोस, की अडतीस?"

बाबलीने या प्रश्नावर उन्हाकडे बघत मनापासून विचार केला. "तें त्या त्या दिसाचेर आसता," तो म्हणाला.

एवढं ऐकल्यावर गोकुळदासांनी तिथे थांबणं शक्यच नव्हतं. गेजवर शिक्का नाही, काच फुटकी, माप बेकायदा, असं तीनदा म्हणून ते घरी आले आणि साखरपुड्याच्या उरलेल्या आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडून बसले. वैऱ्याची भाषा वैऱ्याशी लढण्यापुरती शिकावी लागते. एक पाउंड म्हणजे पावणेसातच्या वर किलोपास्कल, त्याने दोनशे तीसला भागायचं. उत्तर आलं तेहेतीस पूर्णांक छत्तीस शतांश. बाबली म्हणत होता तेहेतीस. म्हणजे छत्तीस शतांशांची सरळसरळ चोरी!

"बाबा," मुलगी सुविधा दारात उभी राहून म्हणाली. ती पणजीला बँकेत होती आणि आपला नवरा तिने त्याच बँकेत स्वतः शोधला होता. साडी नेसून, केसांत अबोली माळून ती तयार होती. "चाकात हवा का कमी झाली ते कुणी बघितलं का?"

"आधी किती हवी ते ठरू दे," गोकुळदास मान वर न करता म्हणाले.

इतक्यात कुंपणावरून सगुणचं डोकं वर आलं. सगुण त्यांचा शेजारी. मूळचा सावंतवाडीकडचा, तरुणपणी खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून आला आणि पार्शातच राहिला. खाणी बंद पडल्यापासून त्याच्याकडे सल्ला द्यायला भरपूर वेळ होता.

"माका विचारशात तर पाउंड नको आणि तो तुमचो पास्कल पण नको," सगुण म्हणाला. "आमी किलोत मोजू. ह्या लहान गाडयेक सवा दोन किलो हवा घातलास की झाला."

"किलो" हा शब्द ऐकून गोकुळदासांचा चेहरा क्षणभर उजळला. पण लगेच त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. "किलो हे वजनाचं माप. हवा काय पिशवीतून आणायची आहे?"

"मग पेट्रोल पंपार चला. थय नवीन मशीन इला हा. आकडे दिसतत. माणसाचो हातच लागणा नाय."

माणसाचा हात लागत नाही, हे गोकुळदासांना पटलं. सगुण शेजारी बसला आणि दोघे पंपावर गेले. हवेच्या यंत्राजवळ विनिता नावाची मुलगी उभी होती. यंत्रावर लाल आकडे चमकत होते: दोन पॉइंट शून्य.

"हे कुठल्या मापात?" गोकुळदासांनी विचारलं.

विनिताने वाकून वाचलं. "बार, सर."

"गोव्यात बार कमी आसत म्हणान आता हवेतय बार!" सगुण म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर गुडघ्यावर थाप मारून हसला.

गोकुळदास हसले नाहीत. एक बार म्हणजे शंभर किलोपास्कल, हे त्यांना माहीत होतं. दोन पॉइंट तीन केलं की काम झालं असतं, आणि ही गोष्टही इथेच संपली असती. विनिताने बटणाला बोट लावलंही होतं. पण गोकुळदासांची नजर यंत्राच्या बाजूला गेली. जिथे पडताळणीचा शिक्का असायला हवा होता तिथे एका लॉटरीची जाहिरात चिकटवलेली होती.

"थांब," ते म्हणाले. "शिक्का कुठाय?"

"सर, हवा फुकट आसा."

"फुकट आहे म्हणून कमी दिलेली चालेल? फुकट आहे म्हणून जास्त दिलेली चालेल?" त्यांचा आवाज निवृत्तीपूर्वीच्या उंचीला गेला. रांगेतल्या दोन टॅक्सीवाल्यांनी माना बाहेर काढल्या. गोकुळदास त्यांच्याकडे वळले. "तुम्ही ज्या हवेवर बायकामुलांना बसवता, ती हवा किती आहे हे तुम्हाला ठाऊक आहे?"

टॅक्सीवाल्यांना ठाऊक नव्हतं. आजवर त्यांना त्याची काळजीही वाटली नव्हती. आता वाटू लागली.

काचेच्या खोलीतून मॅनेजर धावत आला. त्याने गोकुळदासांना ओळखलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तडक यंत्राची वायर ओढली, त्यावर गोणपाट टाकलं आणि गोणपाटावर पुठ्ठा टांगला: "बंद आसा." मग हात जोडून म्हणाला, "साहेब, वरिष्ठांक कळयतां. शिक्को मारून घेतां. मागीरच चालू करतां."

गोकुळदासांनी मान हलवली. किती दिवसांनी कुणी त्यांच्यासमोर असे हात जोडले होते! आपण कोण, हे जगाला अजून कळतं याचं एक ऊबदार समाधान त्यांच्या अंगभर पसरलं. ते गाडीत बसले, पट्टा लावला. पिवळा दिवा समोर जळतच होता.

"आणि आपलो टायर?" सगुणने विचारलं.

तत्त्वाचा विजय झाला होता आणि हवा तेवढी राहिली होती. मन घट्ट करून ते बाबलीकडे परतले, तर दुकानाचं शटर खाली. साहेब तपासणीला बाहेर पडलेत ही बातमी पंपावरून फोनाने त्यांच्या आधी नाक्यावर पोचली होती. बाबली कॉम्प्रेसरसकट नाहीसा झाला होता. धारगळच्या दुकानात फोन लावला, तर तिथल्या माणसाने आवाज ओळखून सांगितलं की आपण हवा भरण्याचा धंदा कधी केलेलाच नाही. भाजीवाल्या बाईने गोकुळदासांची गाडी पाहताच तराजू पदराखाली घेतला. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते आणि अर्ध्या पेडणे तालुक्यात मोजलेली किंवा न मोजलेली, कुठलीच हवा मिळत नव्हती.

घरी सुमंगलाबाई पायरीवर बसून होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या न बोलण्याचे कितीतरी प्रकार गोकुळदासांना पाठ झाले होते, आणि हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार होता.

तेव्हा सगुणच्या डोक्यात कल्पना आली. त्याने घरातून एक लांब नळी आणली. नळीच्या दोन्ही टोकांना पितळी तोंडं. "खाणीर आमी असाच करू. स्टेपनीत हवा असा. तीच हयसून थय घालूची. घरातली हवा घरात!"

डिकीतली स्टेपनी बाहेर आली. नळीचं एक तोंड तिला, दुसरं मागच्या चाकाला. फुस्स आवाज करत हवा एका चाकातून दुसऱ्या चाकात जाऊ लागली. सगुणने आपलं जुनं गेज लावलं. ते किलोत होतं. गोकुळदासांनी ते उलटसुलट करून पाहिलं. शिक्का पुसट होता, पण होता, आणि निदान पाउंडाचं तोंड बघावं लागत नव्हतं. काटा दोनाच्या जरा पुढे आला आणि आतला दिवा विझला.

"बघ!" गोकुळदास सुविधाला म्हणाले.

"बाबा, पण हवा गेली कशी?"

"गेली ती गेली. आता आली ना?" आणि मंडळी निघाली. सगुण आग्रहाने बरोबर आला. वाटेत काही लागलं तर म्हणून.

कोलवाळचा पूल ओलांडला आणि दिवा पुन्हा लागला. थिवी येईपर्यंत गाडी मागच्या बाजूला लंगडू लागली. अस्नोड्याच्या अलीकडे तर ती अशी बसली की परडीतली फळं घरंगळून सुमंगलाबाईंच्या मांडीवर आली. सगळे उतरले. सुविधाने साडीच्या निऱ्या सावरल्या, खाली वाकून चाक पाहिलं आणि बोट दाखवलं. रबरात एक जाडजूड खिळा डोक्यापर्यंत रुतलेला होता. सकाळपासून किती हवा हवी याचा विचार पास्कलात झाला, पाउंडात झाला, किलोत झाला, बारमध्ये झाला. चाकाकडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

"स्टेपनी घाला," सुमंगलाबाई म्हणाल्या. घरून निघाल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं वाक्य.

गोकुळदासांनी सगुणकडे पाहिलं. सगुणने समोरच्या माडाकडे पाहिलं. स्टेपनीतली निम्मी हवा त्या खिळ्यातून थिवीच्या वाटेवर सांडून गेली होती, आणि उरलेली, नळी उपसताना व्हॉल्व उघडा राहिल्याने, अंगणातच निघून गेली होती.

सुविधाने होणाऱ्या नवऱ्याला, साईशला फोन केला. अर्ध्या तासात डिचोलीहून एक पिकअप आलं. पुढे साईश आणि त्याचे वडील कृष्णनाथ, मागे दोऱ्या बांधलेला कॉम्प्रेसर. कृष्णनाथ एकेकाळचे ट्रकमालक. रेशमी झब्बा, खांद्यावर उपरणं आणि हातात पाना, अशा थाटात मुलाचा बाप सोयरिकीच्या दिवशी अस्नोड्याच्या रस्त्यावर उतरला. गोकुळदासांना वाटलं, आपण त्या खिळ्याच्या भोकातून आत जावं आणि आतच राहावं.

कृष्णनाथांनी नमस्कार केला, विहीणबाईंना पिकअपच्या सावलीत बसवलं आणि झब्ब्याच्या बाह्या सरसावून चाकाजवळ उकिडवे बसले. पक्कडीने खिळा उपटला आणि भोकात रबराची वात ठासू लागले.

तेवढ्यात गोकुळदासांचा फोन वाजला. फोन त्यांच्या खिशात होता, पण आवाज आला गाडीतून. नवीन गाडी, फोन आपोआप गाडीला जोडला जातो. सुविधाने घाईघाईत बटण दाबलं ते नेमकं उचलायचं. चारी दारं उघडी होती.

"साहेब, पंपावेल्यान उलयतां," मॅनेजरचा आवाज रस्ताभर घुमला. "टॅक्सीवाल्यांनी घेरलां. एक शाळेची बस आसा, एक ॲम्ब्युलन्स आसा. वारें घालात म्हणटात. तुमची परवानगी जाय, साहेब. मशीन चालू करूं?"

"करा," गोकुळदास म्हणाले.

"लेखी दितात?"

"लेखीची गरज नाही."

"साहेब, मागीर तुमीच दंड मारशात."

सगळे चाकाकडे बघत होते. म्हणजे सगळे ऐकत होते. गोकुळदासांनी घसा साफ केला. "मी... मला दंड मारता येत नाही. मी निवृत्त आहे."

गाडीतून प्रश्न आला, "केन्नासावन, साहेब?"

"झाली चार वर्षं."

"मग सकाळीं कित्याक—" आवाज चढला आणि त्यापुढे जे शब्द आले ते शुभकार्याला निघालेल्या मंडळींनी ऐकायचे नव्हते. सुविधाने फोन तोडला. सुमंगलाबाईंनी पदराने संत्रं पुसायला घेतलं आणि बराच वेळ त्या तेच संत्रं पुसत राहिल्या. कृष्णनाथांनी मान वर केली नाही. त्यांनी वात अजून घट्ट ठासली आणि नळी हातात घेतली.

"पस्तीस घालतां," ते म्हणाले.

माणूस सगळीकडून हरला की हातात उरलेल्या एका गोष्टीला घट्ट धरतो. "तेहेतीस पूर्णांक छत्तीस," गोकुळदास म्हणाले.

"व्याहीबुवा, पस्तीस बरें. सामान आसा, माणसां आसात."

"कंपनीने दोनशे तीस किलोपास्कल लिहिलंय. पस्तीस म्हणजे दोनशे एक्केचाळीस होतात."

"म्हज्या ट्रकांनी हांव एकशें धा घालतालों. तीस वर्सां. एक दीस टायर फुटूंक ना."

"ही ट्रक नाही."

"न्हय. पूण रस्तो तोच."

आवाज चढले नव्हते, पण दोघांच्या माना ताठ झाल्या होत्या. सगुणने "सवा दोन किलो—" म्हणून तोंड उघडलं तेव्हा दोघांनी एकदम त्याच्याकडे असं पाहिलं की ते त्याने लगेच मिटलं. साईश अवघडून आपल्या बुटांकडे बघत होता. सोयरीक हवेवरून मोडल्याचं त्या भागात कुणी ऐकलं नव्हतं, पण सगळ्या गोष्टी कधीतरी पहिल्यांदा होतात.

"चौतीस," सुविधा म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुमचे पस्तीस नको आणि बाबा, तुमचे छत्तीस शतांशही नको. चौतीस घाला आणि चला. माझा साखरपुडा आहे." ती गाडीत बसली आणि दार लावून घेतलं. साईश तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात कौतुक किती आणि भीती किती, हे मोजायचं एकक अजून निघालेलं नाही.

चौतीस पाउंड हवा भरून मंडळी डिचोलीला पोचली. मुहूर्ताला अजून थोडा वेळ होता. घर माणसांनी भरलेलं होतं, कोकम सरबत फिरत होतं, भटजी पाट मांडत होते. पाहुण्यांनी गोकुळदासांना मानाच्या खुर्चीवर बसवलं. "वाटेंत त्रास जालो म्हणे," असं जो तो म्हणत होता, आणि प्रत्येकाला आपण निवृत्त असल्याचं कळलंय असं गोकुळदासांना वाटत होतं. खुर्ची टोचू लागली. चौतीसही टोचत होते. दाराच्या कागदावर दोनशे तीस आणि चाकात दोनशे चौतीसच्या वर. हात धुवायचं निमित्त करून ते अंगणात आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून चाकाजवळ बसले, टोपण काढलं आणि किल्लीच्या टोकाने हलकेच दाबलं. स्सस्.

"व्याहीबुवा, वारें काडटात?"

मागे कृष्णनाथ उभे होते. आज लाजायचं जेवढं होतं तेवढं लाजून झालं होतं. गोकुळदास खरं तेच बोलले. "शून्य पूर्णांक चौसष्ट. तेवढीच काढत होतो."

कृष्णनाथ रागावले नाहीत. खाली ठेवलेलं टोपण उचलून त्यांनी चाकाला परत बसवलं. मग म्हणाले, "येयात. तुमकां एक दाखयतां."

घराच्या मागे काजूच्या झाडांखाली दोन ट्रक उभे होते. चार होते, त्यातले हे राहिले. खाणी आज सुरू होणार, उद्या होणार, झाल्या, पुन्हा थांबल्या, असं ऐकत ते उभेच होते. हौद्यात वाळकी पानं साचली होती, केबिनच्या आरशावरून वेल चढून छतावर गेली होती. पण चाकं! प्रत्येक ट्रकाची दहाच्या दहा चाकं फुगीर, काळीभोर, कालच घाटातून आल्यासारखी उभी होती.

"दर आयतारा वारें घालतां," कृष्णनाथ म्हणाले. "एकशें धा."

"पण ट्रक चालत नाहीत ना?"

"ना."

"मग?"

कृष्णनाथांनी एका चाकावरची धूळ उपरण्याने झटकली. "वारें गेलें काय रोद बसता. मागीर लोक म्हणटात, कृष्णनाथाचे ट्रक बसले." त्यांनी उपरणं परत खांद्यावर टाकलं. "घरचीं हांसतात. साईश म्हणटा, भंगारांत घाल. तुमी हांसूं नाकात."

गोकुळदास हसले नव्हते. त्यांना सकाळचा पंप आठवत होता, गोणपाट टाकलेलं यंत्र, मॅनेजरचे जोडलेले हात आणि त्यानंतर अंगभर पसरलेली ती ऊब. त्यांनी वाकून एका चाकावर हाताचा पंजा ठेवला. रबर उन्हाने तापलं होतं.

कृष्णनाथ केबिनमधून एक गेज घेऊन आले. लांब दांड्याचं, ट्रकाचं. "हें बरोबर दाखयता काय ना, म्हाका कोणेंच सांगूंक ना. तुमी पळयशात?"

चार वर्षांत हा प्रश्न गोकुळदासांना कुणी विचारला नव्हता. हात पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"मी निवृत्त आहे," ते म्हणाले.

"हांवय निवृत्त," कृष्णनाथ म्हणाले.

गोकुळदासांनी गेज घेतलं. उजेडात धरलं, काटा शून्यावर आहे का पाहिलं, नखाने दांडा वाजवला, काचेवर फुंकर मारून धोतराच्या सोग्याने पुसली. मग पहिल्या चाकाला लावलं आणि काढलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं, कारण तीनदा घ्यायचं असतं. तिन्ही वेळा काटा एकाच जागी आला.

"सच्चं आहे," ते म्हणाले. "अजिबात हलत नाही. उत्तम गेज आहे हे."

कृष्णनाथांचा चेहरा असा खुलला की जणू मुलाच्या लग्नाला आत्ताच होकार आला. "एकशें धा आसा न्हय?"

"सातशे अठ्ठावन्न," गोकुळदास म्हणाले.

"जांव. तुमचें सातशें अठ्ठावन."

मग दोघे दुसऱ्या चाकाकडे वळले. दुसऱ्यात थोडी कमी निघाली. कृष्णनाथांनी कॉम्प्रेसर ओढत आणला, गोकुळदास आकडा सांगत गेले, आधी किलोपास्कलात आणि मग, आवाज जरा खाली आणून, पाउंडात. आतल्या बाजूच्या जोडचाकांपर्यंत हात पोचेना, तेव्हा मुलीचा बाप ट्रकाखाली पालथा झाला आणि मुलाच्या बापाने त्याची टोपी धरली.

घरातून हाका येऊ लागल्या त्या त्यांना ऐकूच आल्या नाहीत. कॉम्प्रेसर चालू होता. शेवटी सुमंगलाबाई, त्यांच्या मागे सुविधा आणि सगळ्यांच्या मागे सोवळं सांभाळत भटजी, अशी मिरवणूक काजूंखाली आली. ट्रकाखालून दोन पाय बाहेर आलेले होते. सुमंगलाबाईंनी ते धोतरावरून ओळखले.

"अहो!"

गोकुळदास बाहेर आले. कोपरापर्यंत काळे, कपाळावर वंगणाचा आडवा पट्टा. कृष्णनाथांचा रेशमी झब्बा तर रेशमी होता की काय, अशी शंका येत होती.

"मुहूर्त चल्लो," भटजी म्हणाले. "हात धुवपाक वेळ ना. आशेच येयात."

म्हणून ते तसेच पाटावर बसले. सुविधाने दोघांकडे पाहिलं, ओठ दाबून हसू आवरलं आणि मान खाली घातली. भटजींनी मंत्र सुरू केले. नारळ या काळ्या हातांतून त्या काळ्या हातांत गेला तेव्हा त्याच्या हळद लावलेल्या सालीवर सोळा बोटं आणि चार अंगठे स्पष्ट उमटले, आणि फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला. सुमंगलाबाईंनी दुसरीकडे तोंड फिरवलं. त्या हसत होत्या की नाही, हे मागून कळत नव्हतं.

अक्षता पडत असताना कृष्णनाथ हळूच व्याह्यांच्या कानाशी झुकले.

"दुसरो ट्रक उरलो."

"जेवण झाल्यावर," गोकुळदास पुटपुटले आणि भटजींनी सांगितलं तिथे पळीभर पाणी सोडलं.